छेत्रीनंतर पुढे कोण? भारतीय स्ट्रायकरची कारकीर्द घडते कशी, अडते कुठे

मध्यरेषा

१४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि फुटबॉलच्या २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. त्या पराभवावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलायचंय.

याच पात्रता फेरीसाठी मार्च २०२५ मध्ये आपण सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं. वय ४०. तो आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध हेडरने गोल करून गेला, देशासाठी ९५ वा. ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध त्याने निरोप घेतला होता, तेव्हा आकडा होता १५१ सामने, ९४ गोल. मधल्या काळात त्याची जागा घेणारा कोणी सापडला नाही. २०२४ या अख्ख्या वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही.

छेत्री मोठा खेळाडू आहेच. रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई या तिघांनंतर देशासाठी सर्वाधिक गोल त्याचे आहेत. पण इतक्या मोठ्या देशात २००५ पासून २०२५ पर्यंत गोल करायची जबाबदारी एकाच माणसावर राहते, हे मला अभिमानापेक्षा काळजीचं वाटतं.

माझं मत सरळ सांगतो. स्ट्रायकर, म्हणजे पुढे मधोमध खेळून गोल करणारा, सरावाच्या मैदानावर तयार होत नाही, तो सामन्यात तयार होतो. गोलसमोरच्या बॉक्समध्ये पाठीवर बचावपटू घेऊन शेकडो वेळा उभं राहिल्याशिवाय ती जागा कळत नाही. आणि आपल्या क्लबांनी ती जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंना देऊन टाकली आहे. आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, २०१४ ते २०२४-२५ असे अकरा हंगाम झाले. सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिनो, दोनदा कोरो, पुढे वाल्स्किस, अंगुलो, ओगबेचे, मॉरिसियो, डायमंटाकोस आणि शेवटी २३ गोल करणारा मोरोक्कोचा अजाराई.

तुम्हाला काय वाटतं? दोष या धोरणाचा, प्रशिक्षणाचा, की छेत्री हा अपवादच होता?

---

टचलाइन

चांगला विषय. पण आयएसएललाच का धरायचं? त्याआधी काय वेगळं होतं? आयएसएलच्या आधीची देशाची मुख्य लीग म्हणजे आय-लीग, तिचे पहिले सहा हंगाम आठवा. सर्वाधिक गोल करणारा तीन वेळा चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली, पुढचे तीन वेळा रँटी मार्टिन्स. २०११-१२ ला डेंपोकडून रँटीने ३२ गोल केले होते. म्हणजे आजार जुना आहे, औषधाचं दुकान बदललं एवढंच.

---

अनघा द.

वाचतेय. फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण घरात एक तेरा वर्षांचा फुटबॉलवेडा असल्याने हा धागा सोडणार नाही. नंतर एक प्रश्नही विचारायचा आहे.

---

म्हापसेकर

रँटी आणि ओडाफाचं नाव काढलंत म्हणून राहवलं नाही. आमच्या गोव्यात डेंपो-चर्चिल सामना म्हणजे घराघरात दोन पक्ष. ते दोघे परदेशी होते म्हणून कोणी त्यांना परकं मानलं नाही. रँटीने गोल केला की म्हापशाच्या बाजारात मासे विकणारी बाईसुद्धा खुश असायची.

पण मध्यरेषा म्हणतात त्यात तथ्य आहे. छेत्री २००९-१० ला डेंपोत होता, तेव्हा पुढे रँटी होताच. छेत्री त्याच्या बाजूने, थोडा मागून खेळायचा. त्या वयात त्याला शिकायला मिळालं असणार हे मान्य, पण मधली जागा रँटीची होती.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

कोल्हापूरकर हजर!

इथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. फुटबॉल म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवू नये. आता मुद्द्याचं. २०१७ ला भारतात १७ वर्षांखालचा विश्वचषक झाला. त्यात भारताच्या आघाडीच्या फळीत कोण होता? आपला अनिकेत जाधव! कोल्हापूरचा पोरगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला. दिल्लीत त्याला भारताच्या जर्सीत बघताना छाती फुगली होती. विश्वचषकानंतर इंडियन ॲरोज, मग जमशेदपूर. आणि मोठ्या क्लबात गेल्यावर काय झालं? त्याला कडेला नेलं. स्ट्रायकर म्हणून गेलेला पोरगा विंगर झाला.

भावा, मध्यरेषा, तुझ्या मुद्द्याला यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही.

---

मध्यरेषा

@रंकाळा_एक्स्प्रेस, अगदी हेच. आणि अनिकेत एकटा नाही. मनवीर सिंगला बघा. राष्ट्रीय संघात तो कितीदा मधोमध खेळला, पण मोहन बागानसाठी तो उजव्या कडेने धावतो. चांगला धावतो, ट्रॉफ्या जिंकतो. पण क्लबात अख्खा हंगाम कडेने क्रॉस मारणाऱ्याला देशाची जर्सी घातल्यावर अचानक "आता तू बॉक्समध्ये उभा राहा" म्हटलं तर तो काय करणार? कडेवरच्या खेळाडूला समोर मैदान दिसतं. मधल्या स्ट्रायकरची पाठ गोलकडे असते, चेंडू येण्याआधी मान वळवून बचावपटू कुठे आहे ते बघायचं असतं, आणि निर्णयाला जेमतेम क्षण असतो. ही दोन वेगळी कामं आहेत.

---

काटेकोर

मला हे पटत नाही. चांगला खेळाडू असेल तर कोच त्याला खेळवतोच. कोणता कोच हरायला बसलाय?

जेजे लालपेखलुआ विसरलात का? चेन्नईयिनमध्ये तो मधोमध खेळायचा, संघ २०१५ आणि २०१७-१८ असा दोनदा विजेता झाला. त्याला कोणी कडेला नेलं नाही, कारण तो त्या लायकीचा होता. गुडघ्याच्या दुखापतीने त्याची कारकीर्द आटोपली, परदेशी खेळाडूंनी नाही.

दुसरं म्हणजे छेत्रीच्या ९५ गोलांचा जप बंद करा. त्यातले किती नेपाळ, मालदीव, बांगलादेश, भूतान यांच्याविरुद्ध आहेत? जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया या तिघांविरुद्ध भारताचा एकही गोल नाही. छेत्री होता ना संघात?

---

सह्याद्रीचा_वारा

जेजे आता मिझोरामात आमदार आहे, २०२३ ला निवडून आला. स्ट्रायकरला मोकळी जागा शोधायची सवय असतेच :)

---

टचलाइन

@काटेकोर, कमकुवत संघांविरुद्ध गोल हा आक्षेप प्रत्येक आशियाई स्ट्रायकरवर घेता येतो. आपण ज्यांच्याशी खेळतो त्यांच्याविरुद्धच गोल होणार. आणि ती यादी तुम्ही सांगता तेवढी एकसुरी नाही.

२००८ चा एएफसी चॅलेंज कप घ्या. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक. त्या विजयामुळे भारत २०११ च्या आशिया चषकाला गेला. तिथे दोह्यात बाहरीनने आपल्याला ५-२ आणि दक्षिण कोरियाने ४-१ हरवलं, पण दोन्ही सामन्यांत छेत्रीचा गोल आहे. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ हरवलं, त्यात त्याचे दोन. सप्टेंबर २०१९ ला गुवाहाटीत ओमानविरुद्ध विश्वचषक पात्रता सामन्यात आधी गोल त्याचाच, मग शेवटच्या टप्प्यात आपण २-१ हरलो.

जानेवारी २०२४ बद्दल बोलायचं तर तो ३९ वर्षांचा होता. ३९ वर्षांच्या माणसाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल केला नाही हा त्याचा दोष, की त्या वयात त्यालाच पुढे ठेवावं लागलं हा व्यवस्थेचा?

---

काटेकोर

मग ओमाननंतर पाचच दिवसांनी दोह्यात कतारला ०-० रोखलं, त्या सामन्याचं काय? आशियाई विजेत्यांविरुद्ध त्यांच्या घरात. अलीकडच्या काळातला तो आपला सर्वांत चांगला निकाल आणि छेत्री तापामुळे खेळला नव्हता. संघ त्याच्याविना खेळू शकतो.

---

मध्यरेषा

खेळू शकतो, पण गोल करू शकतो का? त्या रात्री गुरप्रीतने गोलमध्ये भिंत उभी केली म्हणून बरोबरी झाली. ०-० वर माझाच मुद्दा सिद्ध होतो :)

---

देशपांडे_दादर

मंडळी, जरा मागे जाऊया. तुम्ही सगळे २००५ च्या पुढचं बोलता आहात.

मेलबर्न, १ डिसेंबर १९५६. ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध यजमान ऑस्ट्रेलिया. भारत ४-२ ने जिंकला आणि नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही भारताचा एकमेव गोल त्याचाच. स्पर्धेत चार गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला. भारत चौथा आला.

हा नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा आणि खेळला मुंबईत. टाटा, कालटेक्स असे कंपन्यांचे संघ होते, कूपरेजवर सामने व्हायचे. तेव्हा मुंबईत रोव्हर्स कप होता, १८९१ पासूनचा. माझे वडील ऑफिस सुटलं की तिथे जायचे, नंतर मलाही घेऊन जायचे. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून पाहिलेले सामने मला अजून दिसतात.

सांगायचा मुद्दा, त्या काळी परदेशी खेळाडूंना घेऊन कोणी संघ उभा करत नव्हतं. पुढे भारतीयच खेळणार हे ठरलेलं होतं, आणि त्यातून नेव्हिल, चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी निघाले. मध्यरेषा यांचं म्हणणं मला योग्य वाटतं.

---

काटेकोर

देशपांडे साहेब, आदर आहे, पण १९५६ ला आशियात जपान-कोरियाचं व्यावसायिक फुटबॉल सुरूही झालं नव्हतं. तुलना कठीण आहे. जपानच्या लीगमध्येही पहिल्यापासून परदेशी स्ट्रायकर आहेत. त्यांच्याकडे भारतापेक्षा वाईट स्ट्रायकर आहेत का?

---

कॅन्सासवासी

जपानबद्दलचा हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर राखीव संघ, शाळा-कॉलेज आणि खालच्या लीग यांत आहे. तिथल्या तरुणाला वरच्या संघात जागा मिळाली नाही तरी वर्षभर कुठेतरी तो मधोमध खेळतोच. आपल्याकडे तो बाकावर बसतो.

हे मी छेत्रीच्याच उदाहरणाने सांगतो, कारण तो आमच्या गावात येऊन गेलाय. २०१० ला इथल्या कॅन्सस सिटी विझार्ड्स क्लबने त्याला घेतलं. तेव्हा संघाला धड स्वतःचं स्टेडियमही नव्हतं, बेसबॉलच्या मैदानावर सामने व्हायचे. इथल्या भारतीयांमध्ये केवढा उत्साह! कोलोराडो रॅपिड्सविरुद्ध यूएस ओपन कपचा सामना तो खेळला. जुलैत ॲरोहेड स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो बदली म्हणून उतरला, आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. पण लीगचा एकही सामना त्याला मिळाला नाही.

आता यातली खरी गोम. एमएलएसची, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य लीगची, राखीव संघांची लीग २००८ नंतर बंद केली होती आणि २०११ ला परत सुरू झाली. म्हणजे छेत्री नेमका त्या मधल्या वर्षात आला. पहिल्या संघात जागा नाही आणि दुसऱ्या संघाचे नियमित सामनेही नाहीत. २५ व्या वर्षी, ऐन उमेदीत, तो फक्त सराव करत होता. पुढे तो आशिया चषकाच्या तयारीसाठी भारतात परतला. तो कमी पडला असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

---

टचलाइन

आणि त्याआधीचं लंडनचं क्वीन्स पार्क रेंजर्स. २००९ ला करार झाला होता. इंग्लंडने वर्क परमिट नाकारलं, कारण फिफा क्रमवारीत भारत पहिल्या ७० मध्ये नव्हता. खेळाडूची पात्रता त्याच्या देशाच्या क्रमांकावरून ठरली. पुढे २०१२ ला लिस्बनच्या स्पोर्टिंगचा ब संघ, तिथेही मोजकेच सामने, आणि परत येऊन चर्चिल ब्रदर्सकडून आय-लीगचं विजेतेपद. तीन दरवाजे ठोठावले, तीनही वेळा वेगवेगळी अडचण. तरी प्रत्येक वेळी परत येऊन त्याने गोल केले. मला त्याची ही बाजू ९५ या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

---

स्वराली

इतकी चर्चा झाली आणि बाला देवीचं नाव कोणीच घेतलं नाही? मणिपूरची बाला देवी. २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सने तिच्याशी करार केला. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध तिने गोलही केला. आणि ती मधोमध खेळणारी खरीखुरी स्ट्रायकर आहे.

आपल्या मुलींनी जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्याच चिआंग माईत २-१ हरवून आशिया चषक गाठला. पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. पुरुष संघाचं दुःख करताना ही बातमी आपल्यापैकी किती जणांनी साजरी केली?

---

अनघा द.

स्वराली, धन्यवाद! हे मला माहीतच नव्हतं. लेकाला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, दोघांनाही दाखवते.

---

म्हापसेकर

छेत्रीची आमच्याकडची एक आठवण लिहितो, ती सुखाची नाही. ६ एप्रिल २०२५, फातोर्डा, आयएसएल उपांत्य फेरीचा दुसरा सामना. छेत्रीच्या बंगळुरूने त्यांच्या घरी २-० जिंकलेलं. इथे आमच्या एफसी गोवाने दोन गोल फेडले, एकूण २-२. स्टेडियम असं पेटलेलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सामना जादा वेळेत जाणार हे सगळ्यांनी धरलेलं. ९२ व्या मिनिटाला उजवीकडून क्रॉस आला, छेत्री दोन बचावपटूंच्या मधून वर गेला आणि हेडरने चेंडू जाळीत. चाळिशीचा माणूस, उंची जेमतेम पाच फूट सात इंच.

मी डोकं धरून बसलो होतो. पण प्रामाणिकपणे सांगतो, ती उडी बघायला मी पुन्हा तिकीट काढेन. बचावपटू चेंडूकडे बघत होते, तो चेंडू कुठे पडणार तिकडे आधीच निघाला होता. त्या हंगामात त्याने १४ गोल केले, भारतीयांत सर्वाधिक.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

नाद खुळा वर्णन म्हापसेकर! वाचूनच अंगावर काटा आला.

---

सह्याद्रीचा_वारा

थोडं अवांतर. २०१८ चा जून, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना, इंटरकॉन्टिनेंटल कप. पहिल्या सामन्यात भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक अडीच हजार. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना, त्याचा शंभरावा, आणि अख्खं स्टेडियम भरलं. धो धो पाऊस. मी पश्चिम उपनगरातून ओल्या कपड्यांनी लोकलने घरी गेलो होतो. त्याने दोन गोल केले, भारत ३-० ने जिंकला. अंतिम सामन्यात पुन्हा केनिया आणि पुन्हा दोन्ही गोल त्याचेच.

लोकांनी यावं म्हणून हात जोडणारा कप्तान आणि पोरं गोल करायला शिकावीत म्हणून काही न करणारे क्लब, हे चित्र मला खुपतं.

---

काटेकोर

क्लबांना सरसकट दोष देणं सोपं आहे. मी काही वर्षं एका क्लबाच्या व्यवस्थापनात काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. हंगाम छोटा असतो. सुरुवातीचे चार-पाच सामने हरले की मालक कोच बदलतो. कोचला हे माहीत असतं. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, आता मैदानावर चारच. त्या तो कुठे वापरणार? जिथे सामना ठरतो तिथे, म्हणजे पाठीचा कणा: मधला बचावपटू, मधली फळी आणि स्ट्रायकर. गोल करणारा तयार मिळत असेल तर वीस वर्षांच्या मुलाच्या चुका सहन करायला त्याच्याकडे वेळ नसतो. २०१४ ला सहा परदेशी खेळायचे, मग पाच, २०२१ पासून चार. संख्या कमी झाली तरी पुढची जागा तशीच राहिली. म्हणून म्हणतो, फक्त संख्या कमी करून हा प्रश्न सुटणार नाही.

---

मध्यरेषा

@काटेकोर, हा तुमचा सर्वांत मोलाचा प्रतिसाद. आणि यात आपलं भांडण नाहीच. कोच वाईट नाही, त्याला घाई आहे. प्रश्न असा की घाई नसलेली जागा कुठे आहे?

छेत्रीच्या बाबतीत ती जागा होती जेसीटी. मोहन बागानमध्ये तो १८ च्या आत गेला, पण खऱ्या अर्थाने उभा राहिला २००५ ते २००८ या काळात पंजाबच्या जेसीटीत. कापड गिरणीचा संघ. कोच सुखविंदर सिंग. त्यांनीच जून २००५ ला क्वेट्टात पाकिस्तानविरुद्ध त्याला पहिल्यांदा देशासाठी खेळवलं आणि त्याने पहिल्याच सामन्यात गोल केला. जेसीटीत त्याला सलग तीन हंगाम पुढे खेळायला मिळालं, वाईट दिवसांनंतरही पुढच्या सामन्यात नाव असायचं. तो क्लब २०११ ला बंद झाला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला होता. अशा जागाच एकेक करून गेल्या.

आणि एक गोष्ट आपण सगळे विसरतो. खुद्द छेत्रीसुद्धा बंगळुरूत बरीच वर्षं डाव्या कडेने खेळला. २०१७-१८ ला मधोमध व्हेनेझुएलाचा मिकू होता, त्याचे १५ गोल, डावीकडून आत येणाऱ्या छेत्रीचे १४. म्हणजे देशाचा सर्वांत मोठा स्ट्रायकर स्वतःच्या क्लबात स्ट्रायकर नव्हता! त्याला ते जमलं, कारण जेसीटीतल्या वर्षांनी बॉक्समधली जाण आधीच दिली होती. आजच्या पोरांना ती जाण यायच्या आधीच कडेला पाठवतात.

---

टचलाइन

हा शेवटचा मुद्दा जपून ठेवावा असा. +१

---

देशपांडे_दादर

महिंद्रा युनायटेडचं नाव वाचून बरं वाटलं. २००५-०६ ला त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली होती, मुंबईचा संघ! आत्ताचे भारताचे कोच खालिद जमील त्याच संघाचे. त्यांना मुंबईच्या मैदानांची खडान्खडा माहिती आहे. ऑगस्ट २०२५ ला सूत्रं हाती घेतल्यावर त्यांनी मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत छेत्रीविना संघ नेला, तिसरा क्रमांक मिळवला, ओमानला पेनल्टींवर हरवून. गोव्याचा इरफान याडवाड त्या संघात पुढे होता. अशा मुलांना संधी मिळत राहिली पाहिजे.

---

अनघा द.

आता माझा प्रश्न. मुलगा तेरा वर्षांचा, पहिल्यापासून पुढे मधोमध खेळतो. गोल करतो, पण अजून अंगाने लहान आहे. या वर्षी अकादमीच्या कोचनी सांगितलं की तो वेगवान आहे, त्याला विंगर करूया, मधोमध उंच मुलगा हवा. मुलगा रडवेला झालाय. तुमची चर्चा वाचून मीही गोंधळले आहे. कोचशी बोलावं का? की त्यांना कळतं म्हणून गप्प बसावं?

---

रंकाळा_एक्स्प्रेस

ताई, छेत्री पाच फूट सात. पोराला एवढंच सांगा.

---

काटेकोर

अनघाताई, कोचशी भांडू नका. तेराव्या वर्षी वेगवेगळ्या जागांवर खेळणं चांगलंच असतं. कडेने खेळल्याने एकास एक चेंडू न्यायला शिकेल, डावा पाय सुधारेल. काळजी तेव्हा करा, जेव्हा सोळाव्या-सतराव्या वर्षीही त्याला मधोमध उभं राहू देत नाहीत.

---

कॅन्सासवासी

काटेकोर यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो. मी इथे मुलांच्या संघाला शिकवतो. या वयात मुलांची उंची पुढे किती वाढेल ते कोणी सांगू शकत नाही. उंचीवरून जागा ठरवणं हा सगळीकडचा रोग आहे, अमेरिकेतसुद्धा. कोचना एवढंच विचारा की हंगामातले काही सामने किंवा सामन्याचा अर्धा भाग त्याला मधोमध मिळेल का. बहुतेक कोच यावर हो म्हणतात.

आणि घरी त्याला एक सवय लावा. चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं. भिंतीवर चेंडू मारून परत येताना मागे कोणीतरी बोटं दाखवायची आणि त्याने किती ते सांगायचं. बहिणीला हे काम आवडेल.

---

स्वराली

किंवा बहिणीने चेंडू मारायचा आणि त्याने बोटं दाखवायची. दोघं आलटून पालटून करा :)

---

मध्यरेषा

अनघाताई, वरचे दोन्ही सल्ले उत्तम आहेत. माझ्याकडून एकच. अकादमीबाहेर शाळेचा संघ, सोसायटीचा संघ, पावसाळी स्पर्धा, जिथे मिळेल तिथे त्याला मधोमध खेळू द्या. तिथे निकालाची घाई नसते.

@काटेकोर, तुमच्यासाठी प्रश्न. क्लबांच्या राखीव संघांनी किमान एक स्ट्रायकर भारतीयच ठेवायचा आणि त्याला हंगामभर मधोमध खेळवायचं, असा नियम झाला तर व्यवस्थापनाला तो झेपेल का?

---

काटेकोर

झेपेल. राखीव संघात हरल्याने कोचची नोकरी जात नाही. खर्च आहे तो सामन्यांचा: प्रवास, मैदानं, पंच. आज राखीव संघांना वर्षात पुरेसे सामनेच मिळत नाहीत. नियमाआधी सामने वाढवा. निदान शेजारच्या राज्यांतल्या क्लबांनी आपसात खेळावं. मुंबई-गोवा हे अंतर रेल्वेने एका रात्रीचं आहे.

---

म्हापसेकर

गोव्यात मैदानांची कमी नाही. पाठवा तुमची पोरं, मी बघायला येईन.

---

अनघा द.

कोचशी आज बोलले. सरावाच्या सामन्यांत अर्धा वेळ मधोमध खेळवायला ते तयार झाले, लीगमध्ये मात्र कडेनेच. मुलगा खुश आहे. भिंत आणि बोटांचा खेळ सुरू झालाय, आणि बहीण त्याच्यापेक्षा कमी चुकते. @स्वराली, मुलींच्या चांगल्या अकादमीची माहिती असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करशील का?

---

स्वराली

केला आहे, बघ.